नोकरी सोडायची, तर आधी चातुर्मासाचा हिशेब दाखवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २७, राहायला इचलकरंजीजवळ, कारखान्यात क्वालिटीला नोकरी, पगार २२ हजार. दोन सीझन रजा टाकून लग्नाच्या ऑर्डरी केल्या आणि गेल्या मे महिन्यात पगाराच्या तिप्पट पैसे हातात आले. आता नोकरी सोडून पूर्णवेळ फोटोग्राफी करावी का, ईएमआयवर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घ्यावा का, रेट किती लावावा, आणि या धंद्यात लोक वीस-वीस वर्षं टिकतात ते कसे, हे तुम्ही विचारलंय. घरी वडील नको म्हणतायत, हेही लिहिलंय.

वडिलांचं म्हणणं निदान यंदापुरतं मला पटतं. मी कोल्हापुरात याच कामावर घर चालवलंय, मुलींची शिक्षणं केलीत, त्यामुळे हा धंदा करू नका असं माझ्या तोंडून येणार नाही. पण मे महिन्याच्या कमाईवरून या धंद्याचा अंदाज बांधू नका. मेमध्ये ज्याच्याकडे बरा कॅमेरा आहे आणि जो सांगितलेल्या वेळेला कार्यालयात पोचतो, त्याला काम मिळतंच. एकाच मुहूर्तावर गावातली सगळी कार्यालयं भरलेली असतात, मोठ्या स्टुडिओंना माणसं कमी पडतात आणि ते दिवसाच्या बोलीवर बाहेरची पोरं बोलावतात. त्यात तुमच्या हाताचं श्रेय आहे, पण मुहूर्ताचं त्याहून जास्त आहे. मला वेगळी बेरीज सांगा. मागच्या आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत तुमच्या कॅमेऱ्याने किती कमावलं? बहुतेकांचं उत्तर शून्याच्या आसपास असतं. एखादं बारसं, एखादा वाढदिवस, गणपतीत एखाद्या मंडळाची मिरवणूक, तीही ओळखीत. ज्या दिवशी त्या चार महिन्यांत तुमचं घर कॅमेऱ्यावर चालेल, आणि ते एकदा नव्हे, लागोपाठ दोन वर्षं जमेल, त्या दिवशी खुशाल राजीनामा द्या. तोवर नोकरी ठेवा.

हे मी का म्हणतोय ते नीट सांगतो. आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोग्राफरचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होत नाही, तुळशीच्या लग्नाला होतं. मार्गशीर्ष भरगच्च, पौष बरीच घरं टाळतात, माघ-फाल्गुन बरे, मार्चमध्ये परीक्षांमुळे पुन्हा ओढाताण, मग एप्रिल-मेची झुंबड, आणि आषाढीनंतर शटर खाली. अलीकडे चातुर्मासातही काढीव मुहूर्त धरतात आणि त्यावर शहरात काही लग्नं होतात, पण तेवढ्यावर हप्ते जात नाहीत. वर अधिक मास आहेच, साधारण ३२-३३ महिन्यांनी येणारा. २०२३ला श्रावण अधिक होता, तो तसाही चातुर्मासात पडला, कुणाला जाणवला नाही. २०२६चा अधिक मात्र ज्येष्ठाचा, १७ मे ते १५ जून. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात जड महिन्याचा अर्धा भाग आणि पुढचा पंधरवडा कोरडा. मेमध्ये तीन लाख सुटतील असं धरून कॅमेऱ्याचा हप्ता बांधणाऱ्याने पंचांग उघडलेलंच नसतं. माझ्याकडे नवीन पंचांग आलं की पहिलं काम ठरलेलं: विवाहमुहूर्तांचं पान उघडायचं, तारखा डायरीत उतरवायच्या, आणि कोणत्या महिन्यात घरखर्चाला दुसरीकडून किती लागणार ते पेन्सिलीने लिहायचं. कॅमेऱ्याच्या मेन्यूइतकंच हे पान फोटोग्राफरला पाठ हवं.

आणि पंचांगाच्याही पलीकडचं काय होऊ शकतं ते २०२०ने दाखवलं. लॉकडाऊन लागला तो २५ मार्चला, ऐन सीझनच्या तोंडावर. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तर राज्याचा नियम आला, लग्न दोन तासांत आणि २५ माणसांत उरका. पंचवीसमध्ये भटजी, आचारी आणि फोटोग्राफर धरायचे की नाही यावर कार्यालयाच्या दारात वाद झालेले मी ऐकलेत. त्या दोन वर्षांत आमच्या भागातले किती जण लेन्स विकून बाहेर पडले याची मोजदाद कुणी केली नाही. जे राहिले ते जास्त चांगले फोटोग्राफर होते असं मुळीच नाही. त्यांच्याकडे लग्नाशिवाय दुसरं एखादं काम होतं, एवढंच.

जुन्या स्टुडिओवाल्यांना ही गोष्ट आधीच कळायला हवी होती, कारण त्यांच्या पायाखालची जमीन एकदा अशीच सरकली होती. एके काळी स्टुडिओचं भाडं आणि लाइटबिल पासपोर्ट साइज फोटोंवर निघायचं. मग पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो तिथेच खिडकीवर काढायला लागले, आधारला तिथेच, आरटीओत लायसनलाही तिथेच. फॉर्मवर चिकटवायचे फोटो गेले, मोबाइलमधून अपलोड करायचे आले. यात कुणाचं काम वाईट नव्हतं. गिऱ्हाइकाची गरजच संपली. तुमच्या पुढच्या वीस वर्षांतही असं निदान दोनदा होईल. निवडणीचं आणि रंग सुधारायचं काम आजच सॉफ्टवेअर बऱ्यापैकी करतंय.

आता रेट. ‘तुमच्या भागात काय चालतो?’ हा प्रश्न सगळे विचारतात आणि तिथेच फसतात, कारण चालतो तो रेट त्या माणसाने काढलेला असतो ज्याने स्वतःचा हिशेब केलेला नाही. कागद घ्या. घरखर्च महिना २५ हजार धरला तर वर्षाचे ३ लाख. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, तीन लेन्स, फ्लॅश, ट्रिगर, कॉम्प्युटर असं मिळून ४ लाखांचं सामान चार वर्षांत बदलावं लागतं असं धरा, म्हणजे वर्षाला १ लाख झीज. छोटी जागा, वीज, इंटरनेट मिळून महिना ८ हजार, वर्षाचे ९६ हजार. सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, दुरुस्ती ५० हजार. आरोग्याचा आणि सामानाचा विमा ३० हजार. प्रवास ६० हजार. ही झाली ६ लाख ३६ हजार. शिल्लक म्हणून ६४ हजार टाका, ७ लाख झाले. आता खरी मेख: वर्षात तुम्हाला पैसे देणारे दिवस किती? पूर्णवेळ झाल्यावर सुरुवातीला ४५ दिवस मिळाले तरी खूप म्हणायचे. ७ लाखांना ४५ ने भागा. दिवसाला साडेपंधरा हजार, तेही अल्बमचा खर्च, सेकंड शूटर आणि लाइटमनचे पैसे वेगळे धरून. मग ‘आठ हजारांत दिवसभर, वर टीझर फ्री’ म्हणणारा माणूस स्वस्त कसा देतो? तो स्वतःचा कॅमेरा थोडाथोडा विकतोय, त्याला ते चौथ्या वर्षी कळतं.

एका लग्नाच्या दिवसामागे टेबलावरचे दोन ते चार दिवस असतात हेही या आकड्यात बसवा. साखरपुडा, हळद, सीमांत पूजन, लग्न, पाठवणी, दुसऱ्या दिवशीची पूजा: फ्रेम सहज चार-पाच हजारांवर जातात. त्यातून निवड, रंग, अल्बमची पानं, मग ‘आत्याचा फोटो मोठा हवा होता’ हे ऐकून पुन्हा पानं. दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, तिसरीला पैसे, हे आधीच कागदावर असू द्या. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख धरू नका, आणि उरलेल्या पैशांतला मोठा भाग लग्नाच्या दिवसापर्यंत हातात यायला हवा. अल्बम तयार होऊन स्टुडिओत पडून आहे आणि शेवटचा हप्ता येत नाही, असं दृश्य प्रत्येक स्टुडिओच्या कपाटात आहे. लग्न होऊन गेलं की घरच्यांचे पैसे दुसरीकडे वळतात, यात वाईट हेतू नसतो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, म्हणजे पंचांगाबाहेरचं काम. तुम्ही ज्या भागात राहता त्याची तुम्हाला सवय झालीय, म्हणून तो तुम्हाला दिसत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्र्या, म्हणजे ओतीव कामाचे कारखाने, आहेत, मशीन शॉप आहेत, त्यांचा माल परदेशी जातो आणि त्यांच्या वेबसाइटवर मोबाइलवर काढलेले तिरके फोटो असतात. हुपरीत चांदीचे दागिने, इचलकरंजीत कापड, कोल्हापुरात चपला. प्रत्येकाला कॅटलॉग लागतो, आणि कॅटलॉग मुहूर्त बघून छापत नाहीत. उलट दिवाळीच्या मालाचे फोटो पावसाळ्यातच लागतात, म्हणजे नेमके तुमच्या रिकाम्या महिन्यांत. शिवाय तुम्ही क्वालिटीत काम करता! कास्टिंगमधला ब्लो होल, म्हणजे हवेचं भोक, कसा दिसतो, मशीनिंग केलेला पृष्ठभाग कुठला, कच्चा कुठला, गेज कसा धरतात, हे तुम्हाला न सांगता कळतं. कंपनीच्या मालकाला फोटोग्राफर मिळतो, पण त्याचा पार्ट कळणारा फोटोग्राफर मिळत नाही. ही शिदोरी सोडून तुम्ही पाठवणीच्या स्लो मोशनमध्ये इतर शंभर जणांशी स्पर्धा करायला निघालात, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं.

मित्तर बेदी हे नाव ऐकलं नसेल तर शोधा. मुंबईत समारंभ आणि सिनेमाच्या प्रसिद्धीचे फोटो काढत सुरुवात केलेला हा माणूस १९६०च्या आगेमागे कारखान्यांकडे वळला. देशात तेव्हा पोलाद, खत, तेल यांचे नवे प्रकल्प उभे राहत होते आणि ते डौलात दाखवणारा कुणी नव्हता. बेदींनी पाइप, चिमण्या, टाक्या अशा काढल्या की भारतात इंडस्ट्रियल फोटोग्राफी म्हटलं की आजही पहिलं नाव त्यांचं निघतं. त्यांच्या वेळचा देश वेगळा, पण जिथे काम उभं राहतंय आणि फोटोवाला पोचलेला नाही तिथे जायचं, ही त्यांची चाल आजही चालते.

फाउंड्रीतलं काम कसं असतं ते सांगतो, म्हणजे डोळ्यांपुढे येईल. वितळलेलं लोखंड साधारण १४०० अंशांच्या आसपास ओततात. ते इतकं तेजस्वी असतं की कॅमेऱ्याच्या ऑटोवर सोडलंत तर बाकी शेड काळी होते, आणि शेड दिसेल असं एक्सपोजर धरलंत तर धातू नुसता पांढरा पट्टा. मी एक्सपोजर धातूला लावतो, त्याचा केशरी रंग टिकवतो, आणि कामगाराच्या बाजूने एक फ्लॅश जेलसकट, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद लावून ठेवतो, म्हणजे माणूसही दिसतो. ओतण्याचा क्षण परत मागता येत नाही. त्यासाठी लॅडल, म्हणजे धातू ओतायचं भांडं, थांबत नाही, थांबवायची म्हणून सांगायचंही नाही. आदल्या दिवशी नुसतं जाऊन उभं राहायचं, कोण कुठून येतं, ठिणग्या कुठल्या दिशेला उडतात ते बघायचं. सेफ्टी शूज, हेल्मेट, सुती कपडे. सिंथेटिक शर्ट घालून आलेल्या असिस्टंटला मी गेटवरूनच परत पाठवतो, कारण ठिणगीने तो कातडीला चिकटतो. आणि तिथल्या फोरमनशी दोस्ती करा. मालक ऑर्डर देतो, पण फोटो फोरमन काढू देतो.

चांदीचं काम याच्या अगदी उलट, शांत आणि चिवट. दागिन्यात तुम्ही, कॅमेरा, छत, शेजारची खुर्ची, सगळं दिसतं. नवीन पोरं पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लावून बघतात आणि वैतागतात. उघड्या धातूवरची चमक त्याने जात नाही, पाण्यावरची किंवा काचेवरची जाते. इथे लाइटच्या तोंडावर प्रकाश मऊ करणारं डिफ्यूजनचं कापड लावून चारी बाजूंनी पांढरं उभं करायचं, आणि मग मुद्दाम काळ्या कार्डाच्या पट्ट्या आत सरकवायच्या, म्हणजे पैंजणाच्या कडेला काळी रेघ उमटते आणि आकार उठून दिसतो. पहिल्या दागिन्याला अर्धा दिवस जाईल. पण एकदा मांडणी बसली की त्याच साइजचे पुढचे दागिने भराभर निघतात, आणि तिथेच कमाई आहे. ऑनलाइन विक्रीच्या साइटचे नियम ठरलेले असतात, ते आधी वाचून घ्या. ॲमेझॉनला मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे आरजीबीतले लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५, आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला लागतो. व्यापाऱ्याचे फोटो नाकारले गेलेले असतात तेव्हा त्याला हे नियम सांगणारा माणूस देवासारखा वाटतो.

या कामाची एक मोठी खोड म्हणजे पैसे उशिरा येतात. लग्नाचे पैसे आधी, कंपनीचे नंतर. पीओ, म्हणजे कंपनीची लेखी ऑर्डर, आल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका, बिलावर पीओ नंबर लिहा, नाहीतर अकाउंट्सवाला बिल बाजूला ठेवून देतो आणि तुम्हाला दोन महिन्यांनी सांगतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, करून घ्या. ती फुकट होते, आधार आणि पॅनवर, एजंट लागत नाही. तिचा फायदा असा की २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे तुमच्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. हे व्याज मागायला कुणी जात नाही, मीही जात नाही, कारण पुढची ऑर्डर हवी असते. पण आयकराच्या नियमात बदल होऊन २०२३-२४ पासून मुदत उलटून वर्षअखेरीपर्यंतही न दिलेली अशी रक्कम कंपनीला त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येईनाशी झाली. तेव्हापासून बिलावर उद्यम नंबर दिसला की मार्चमध्ये अकाउंट्सवाल्याचा फोन स्वतःहून येतो.

जीएसटीचं एवढं लक्षात ठेवा: सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख, फोटोग्राफीला दर १८ टक्के. यात नवे लोक एक गोष्ट विसरतात. तुम्ही सेकंड शूटर, ड्रोन, अल्बम सगळ्याचं बिल स्वतःच्या नावाने केलं तर ती सगळी तुमची उलाढाल धरतात, त्यातले निम्मे तुम्ही पुढे वाटले तरी. बाकीचं सीएला विचारा, पण पहिल्याच वर्षी विचारा.

हक्कांबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे, म्हणून थोडं थांबतो. ‘मी फोटो काढला म्हणजे कॉपीराइट माझा’ असं सगळे धरून चालतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ काय म्हणतं? दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा, वेगळा करार नसेल तर. म्हणजे लग्नाचे फोटो, करार नसल्यास, ऑर्डर देणाऱ्याचे. कारखान्यात काढलेले कारखान्याचे. तुम्ही त्या फोटोचे कर्ते राहता, आणि कर्ता म्हणून नाव सांगायचा हक्क कायदा तुम्हाला वेगळा देतो, पण मालकी गेली. म्हणून एक पानाचा करार हवाच. लग्नाला माझ्याकडे साधं वाक्य असतं: कॉपीराइट फोटोग्राफरचा, घरच्यांना खासगी वापराची, छापायची, वाटायची पूर्ण मोकळीक, आणि आम्ही नमुना म्हणून कोणते फोटो दाखवणार ते त्यांना विचारून. शेवटचा तुकडा मी मनापासून पाळतो. नवरीच्या परवानगीशिवाय तिचा हळदीचा फोटो आपल्या पेजवर टाकणं हे कायद्याने जमलं तरी करू नये. गावात एकदा नाव गेलं की त्या गल्लीतली पुढची लग्नं जातात.

कंपनीच्या कामात करार वेगळा. तिथे कॉपीराइट आपल्याकडे ठेवून फोटो कुठे वापरणार, किती काळ, हे लिहून घ्या. वेबसाइट आणि कॅटलॉगचा एक दर, होर्डिंग आणि प्रदर्शनाचा दुसरा. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. माल बाहेर जाणाऱ्या कंपनीला भारताबाहेरचाही हक्क लागतो, आणि तो तुम्ही वेगळ्या पैशात देऊ शकता. आमच्याकडे पहिल्यांदा हे बोललात तर समोरचा हसेल. बोलत राहा, तिसरा गिऱ्हाईक हसत नाही.

दुसऱ्याच्या ऑर्डरवर फ्रीलान्स गेलात तर ते फोटो आपले म्हणून टाकू नका. सध्या आमच्यातली निम्मी भांडणं यावरूनच आहेत. ज्याने ऑर्डर आणली, ज्याने गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली, त्याचा तो अल्बम. आधीच विचारा, की चार फोटो नाव देऊन टाकू का? बहुतेक जण हो म्हणतात. आणि कार्यालयात आपलं स्वतःचं कार्ड वाटू नका. शिकायला मात्र दुसऱ्याच्या ऑर्डरीसारखी शाळा नाही. पुण्या-मुंबईत एखाद्या प्रॉडक्टवाल्याकडे असिस्टंट म्हणून दोन-तीन महिने राहता आलं तर राहा, लाइट उचला, केबल गुंडाळा. महागड्या दोन दिवसांच्या वर्कशॉपपेक्षा ते मला जास्त मोलाचं वाटतं. वर्कशॉपमध्ये मॉडेल, लाइट, जागा सगळं तयार असतं. काम करताना यातलं काहीच तयार नसतं.

नोकरीची लाज वाटून घेऊ नका, हे तुमच्या प्रश्नाच्या सुरावरून सांगावंसं वाटतं. गौतम राजाध्यक्ष यांच्या पोर्ट्रेटवर महाराष्ट्राने जीव टाकला. ते आधी कॉलेजात शिकवत होते आणि मग लिंटास या जाहिरात संस्थेत अनेक वर्षं नोकरीला होते. कॅमेरा त्या काळात हातातच होता. सुधारक ओलवे यांनी वृत्तपत्रांत फोटोग्राफर म्हणून काम केलं आणि त्याच्या जोडीने मुंबईच्या सफाई कामगारांचं आयुष्य टिपलं. त्यांना २०१६ला पद्मश्री मिळाली. पगाराच्या कामाने घर चालवलं आणि स्वतःच्या कामाने नाव केलं, अशी ही माणसं. तुमच्याकडेही एखादा विषय असू द्या, ज्याचे पैसे कुणी देत नाही. माझा हातमाग-यंत्रमागाचा आहे. कुणी विचारत नव्हतं, पण तेच फोटो बघून एका निर्यातदाराने मला बोलावलं.

बारीकसारीक चार गोष्टी भराभर. दोन कार्ड स्लॉट नसलेल्या बॉडीवर लग्न करू नका. त्याच रात्री दोन हार्ड डिस्कवर डेटा, त्यातली एक दुसऱ्या घरात, आणि अल्बम हातात दिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल किती दिवस ठेवणार ते करारात लिहा, नाहीतर पाच वर्षांनी कुणीतरी मागतं. विम्याचा कागद वाचा: दुकानाच्या साध्या आगीच्या पॉलिसीत कार्यालयातून चोरीला गेलेली बॅग बसत नाही. पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते, आपल्याकडे येते आणि कोकणात तर हमखास, म्हणून ४० ते ५० टक्के आर्द्रता धरणारं ड्राय कॅबिनेट लेन्सच्या आधी घ्या. बॅगेत लेन्स महिनाभर बंद ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. ड्रोन स्वतः घेऊ नका. २०२१च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि फेब्रुवारी २०२२पासून परदेशी ड्रोनची आयात बंद आहे, त्यामुळे बाजारातल्या बऱ्याच ड्रोनला कागदच नाहीत. वरातीत तो कुणाच्या डोक्यात पडला तर विमा कंपनी दारात उभं करणार नाही. प्रमाणपत्रवाला माणूस दिवसावर बोलवा. आणि डॉल्बीच्या भिंतीपुढे उभं राहताना कानात बोळे घाला, लोक हसले तरी. माझ्या वयाच्या निम्म्या वरात-फोटोग्राफरांना हळू बोललेलं ऐकू येत नाही. कंबर आणि गुडघ्यांचंही तसंच, म्हणून चाळिशीच्या आत टीम उभी करा आणि पंधरा तासांचं उभं राहणं वाटून घ्या.

इन्स्टाग्रामबद्दल तुम्ही लांब लिहिलंय, माझं उत्तर छोटं आहे. लग्नाला त्याचा उपयोग होतो. कारखानदार तिथे फोटोग्राफर शोधत नाही, तो दुसऱ्या कारखानदाराला विचारतो. त्याच्यासाठी वीस फोटोंचं छापील पुस्तक करा आणि स्वतः घेऊन जा.

राहिला फुल फ्रेमचा ईएमआय. तुमची आत्ताची क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरची बॉडी चालू आहे ना? मग यंदा नवीन बॉडी घेऊ नका. बॉडीची किंमत दोन-तीन वर्षांत पडते, लेन्सची तितकी पडत नाही. चांदी आणि कास्टिंगसाठी अगदी जवळून काढायची एक मॅक्रो लेन्स, दोन स्ट्रोब (मोठे फ्लॅश), स्टँड, डिफ्यूजनचं कापड आणि मजबूत ट्रायपॉड घ्या, तेही वापरलेलं चालेल. वापरलेली लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून लावून आत बुरशीची जाळी दिसते का बघा, फोकस रिंग फिरवताना खरखर येते का बघा, आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, पूर्ण उघडं ठेवून भिंतीवरच्या विटांचा फोटो काढून चारी कोपरे सारखे आहेत का ते कॉम्प्युटरवर मोठं करून बघा. बॉडी असेल तर शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढलेत तो आकडा, विचारा आणि स्वतः तपासा. अनेक बॉडींचं शटर दीड-दोन लाखांसाठी बनवलेलं असतं, आणि दोन सीझन लग्नं मारलेली बॉडी त्यातली निम्मी वाट सहज चाललेली असते. हे सामान घेऊन येत्या श्रावणात हुपरीच्या एखाद्या कारागिराकडे दहा दागिने मागा, फोटो काढून द्या आणि वाजवी बिल करा. फुकट काढून देऊ नका. त्या बिलाचे पैसे किती दिवसांत आले ते मला कळवा, मग पुढचं बोलू.